मी व्हते की तिथं

"मी व्हते की तिथं." पदर खोचत ती असं म्हणाली, की कळंबच्या फाट्यावरची माणसं एकमेकांकडं बघून हसायची. ती तिथं पेरू विकायची. कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, कुणाचे बैल शर्यतीच्या घाटात पहिले येवोत, ही हजर. पारगावच्या उसातला बिबट्या पिंजऱ्यात सापडला, तेव्हा तो आपल्याकडंच बघून गुरगुरला, असं ती रंगवून सांगायची. त्या दिवशी ती जुन्नरला लेकीकडं होती, हे सगळ्या फाट्याला ठाऊक होतं. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच.

माझा जन्म पारगावला ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झाला. नोंद कुणी केली नाही. पुढं आईवडील तिथंच मजुरीला राहिले. मी लहान असतानाच आई वारली. आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली, नोकरीही लागली, आणि रुजू होताना जन्माचा दाखला मागितला गेला. ग्रामपंचायतीनं नोंद नसल्याचं लिहून दिलं. आता जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसानं तालुक्याला प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वडिलांनी माझं लग्न काढलं होतं. ते सहीला येईनात. दाखलाच नसला की नोकरी आपोआप सुटेल, असा त्यांचा हिशेब.

मग मला ती पेरूवाली आठवली. माझ्या जन्माच्या वेळी तिचं घर कोपीला लागूनच होतं. अशी साक्षीदार असल्यावर काम झाल्यातच जमा होतं.

कचेरीत क्लार्कनं विचारलं, बाळंतपणाला तुम्ही हजर होता का? तिनं पदर खोचला, पुन्हा सोडला.

"न्हाई. मी नव्हते तिथं."

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणाले, मावशी, बिबट्यापाशी होतीस, मग इथंच काय झालं?

"बिबट्याचं न्यारं, बाय. ह्यो तुजा जलम हाय."

तशीच मला एसटीत घालून ती पारगावला आली. वडील गुरांना वैरण टाकत होते. मला वाटलं, आता ही भांडणार. ती उंबऱ्यावर बसली, पाणी मागून प्यायली.

"भाऊ, कोपीत तू एकलाच व्हतास. उजाडताना माज्या दारात फडकं मागाया आलास. पोरगी झाली म्हनताना लई हसत व्हतास. त्ये मी कसं सांगू? तूच सांग."

वडील वैरण टाकतच राहिले. पण पुढच्या सोमवारी आम्ही कचेरीत पोचलो, तर धुतलेला सदरा घालून ते आधीच पायरीवर बसले होते.

दाखला मिळाला. मी रुजू झाले.

गेल्या वर्षी ती गेली. दशक्रियेला नदीकाठी माणसं तिचे किस्से सांगत होती. वडीलही सांगू लागले, कचेरीत तिनं पदर कसा खोचला, कसा सोडला, सायबाच्या तोंडावर कशी "न्हाई" म्हणाली. कुणीतरी विचारलं, "राव, तुमाला कसं ठावं?"

"मी व्हतो की तिथं," वडील म्हणाले.