वंदनाची उजवी बाजू

"मॅडम, वंदनाची मान परत वळून राह्यली. उजवा हातबी आखडला." एसटीडी बूथवरून तिचे वडील शिवरामजी बोलत होते. "परवापर्यंत चांगली व्हती. काऊन झालं असं?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हैदराबादच्या एका हॉस्पिटलमध्ये न्यूरॉलॉजिस्ट होते. वंदना आदिलाबादजवळच्या तलमडुगुची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला डिस्टोनिया होता. या आजारात मेंदूकडून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात. स्नायू आपोआप आवळतात, अंग पिळवटतं. तिची मान खांद्याकडे ओढली जायची आणि हातात खडू टिकत नसे. गोळ्यांनी गुण येईना, म्हणून आमच्या सर्जन सरांनी ऑपरेशन केलं. तेव्हा ते अगदी नवं होतं.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार बसवली. तारा कातडीखालून, मानेतून छातीपर्यंत आणल्या. तिथे प्रत्येक तारेला त्याच बाजूला एक, अशी दोन छोटी मशीनं, बॅटरीवर चालणारी. त्यांच्या हलक्या करंटने ते चुकीचे हुकूम दबतात. गुण यायला महिने लागतात. पण आला. वंदना पुन्हा फळ्यावर लिहू लागली होती.

मी सरांना फोनबद्दल सांगितलं.

"फक्त उजवी बाजू? म्हणजे डावी तार तुटली," ते म्हणाले. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. मानेच्या हिसक्यांनी तार तुटते, हेही खरं. "बोलवा तिला. ऑपरेशनचं टेबल बुक करतो. तार बदलू."

"सर, या अवस्थेत तिला एवढा प्रवास झेपणार नाही. आधी मी जाऊन बघते."

"जा. टेबल मात्र ठेवतो."

प्रोग्रॅमर घेऊन मी निघाले. हे ब्रीफकेसएवढं यंत्र. त्याचा हातात धरायचा भाग छातीवर ठेवला की आतल्या मशीनची खबर मिळते.

वंदना बाजेवर कुशीवर पडली होती. मान उशीत रुतलेली. मी मूळची जवळच्या किनवटची, त्यामुळे आम्ही पहिल्यापासून मराठीतच बोलायचो.

"मॅडम, आधीच सांगते," ती म्हणाली. "मी परत येनार नाही. ऑपरेशनच्या वेळी जागेपनी डोक्याला ते लोखंडी कडं ठोकलं व्हतं. एकदा सोसलं. आता नाही."

"पोरी, असं नको बोलू," शिवरामजी म्हणाले.

"बाबा, डोकं माझं हाय."

मी प्रोग्रॅमर लावला. उजवं मशीन चालू, बॅटरी ठीक. मग डावं पाहिलं. बॅटरी ठीक. तार ठीक. मशीन बंद.

मी पुन्हा पाहिलं. बंदच.

बटण दाबून ते सुरू केलं आणि बसून राहिले. चहा आला. संध्याकाळपर्यंत मान उशीवरून सुटली. हात अजून आखडलेला होता, त्याला काही दिवस लागणार होते. शिवरामजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

पण मशीन बंद कशाने झालं? ते कळलं नाही तर पुन्हा होणार. या मशीनला चुंबक जवळ आला की बदलणारा एक स्विच असतो. पेशंटला गरजेला बंद-चालू करता यावं म्हणून.

"त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय केलंस?"

"शाळेत गेली. शिकवलं."

"आणखी?"

"पंधरा ऑगस्टची तयारी व्हती. लाऊडस्पीकर आला व्हता भाड्यानं. वऱ्हांड्यातून वर्गात मीच उचलून नेला."

"कसा धरलास?"

तिने बरा हात छातीशी नेला, डाव्या बाजूला. "असा. पयले मला पिशवीबी धरता येत नव्हती मॅडम. म्हनून दुसऱ्या कोनाला देलाच नाही."

सकाळी मी शाळेत गेले. स्पीकरच्या पाठीशी जाड, काळा चुंबक होता. साडीची पिन जवळ नेली, टचकन चिकटली.

तलमडुगुहून सरांना फोन लावला. "टेबल कॅन्सल करा."

"तार?"

"चांगली आहे. मशीन बंद झालं होतं."

"कोणी केलं?"

"लाऊडस्पीकरने."

"रिपोर्टमध्ये हे कसं लिहिणार?"

"झालं तसंच."

निघताना वंदनाला समजावलं. चुंबकाची कुठलीही वस्तू छातीजवळ न्यायची नाही. तिने नीट ऐकून घेतलं.

"काय काय उचलायचं नाही तेवढं सांगून ठेवा," ती म्हणाली. "बाकी सगळं उचलीन."

मशीनसोबत कंपनीची पुस्तिका यायची. त्यात विमानतळाचं गेट आणि फ्रिजचं दार यांपासून जपा, असं लिहिलेलं होतं. वंदनाच्या आयुष्यात दोन्ही नव्हतं. त्यानंतर पुस्तिका वाचून दाखवणं मी सोडलं. पेशंटलाच विचारते, दिवसभर काय करता, काय उचलता, कशाला टेकून बसता. वेळ बराच जातो. ऑपरेशनपेक्षा कमी.