बेली डान्स, सून आणि माझी एक सेफ्टी पिन

पोट हलवणं ही कला आहे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी ते जिने चढता-उतरता नुसतंच हलवत होते.

कळलं ते सुनेमुळे. आमची सायली लग्नाआधी पुण्यात बेली डान्सचे क्लास घ्यायची. (मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या आईने "नृत्य शिकवते" एवढंच सांगितलं होतं, आणि मी आपली पायांत घुंगरू आहेत असं समजून खूश!) माझ्या मुलाची, निखिलची, नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत. त्यामुळे पोरगी चांगला चालता क्लास बंद करून इकडे आली. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण दुपारी माझा डोळा लागला असं समजून ती हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवायची, कमरेला नाण्यांचा पट्टा बांधायची आणि एकटीच नाचायची. मी दाराच्या फटीतून बघायचे आणि माझा जीव तुटायचा. एवढी कला, आणि समोर बघायला कोण? टीपॉय आणि फ्रिज!

खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंना मात्र सगळं ऐकू जायचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पण अजून वर्गावरच असल्यासारख्या बोलतात. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "शारदाबाई, दुपारी तुमच्याकडे चिल्लर मोजतात का हो?"

"सून नाचते माझी."

"डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर. आमच्या हॉलमध्ये."

अशातच सायलीने आमच्या वसाहतीच्या महिला मंडळाचा हॉल क्लाससाठी मागितला. दुपारचा रिकामाच असतो तो. मंडळाच्या अध्यक्ष राऊतबाई म्हणजे एकदम कडक काम. त्या म्हणाल्या, "आधी आमच्या स्नेहसंमेलनात करून दाखव. बायकांना आवडलं तर हॉल तुझा. नाहीतर भजनवाल्या कधीच्या मागतायत, त्यांना देऊन टाकते."

झालं! पोरगी दिवसरात्र तयारीला लागली. जेवताना कंबर, भाजी निवडताना कंबर. एका सकाळी मला म्हणाली, "आई, तुम्ही यायलाच हवं असं काही नाही हां."

"म्हणजे काय? पहिल्या रांगेत बसणार मी! आणि मैत्रिणींना घेऊन येणार!"

तिने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "या. पण एक करा. काहीही झालं तरी खुर्चीवरून उठू नका."

"मी कशाला उठतेय? माझे गुडघे बघितलेस का?" मी म्हटलं. (तेव्हा मला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.)

मैत्रिणी दोनच नेल्या. एक मंदाकिनीबाई. "माझ्या डोक्यावर काय चालतं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय," असं त्यांचं म्हणणं. दुसरी माझी चिंचणीची बालमैत्रीण जयू. जयू मासळी विकते. चिंचणीच्या बाजारात तिने भाव सांगितला की वाणगावात गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघतं, असा आवाज. कार्यक्रम तारापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता, फक्त बायकांसाठी. (आमचे हे आनंदाने म्हणाले, "बायकांचाच ना? मग मी घरी खिचडी लावतो.") आम्ही दोघी दारात उभ्या, तेवढ्यात रिक्षातून उतरता उतरताच जयू ओरडली, "काय गो शारदे, तुजी सून प्वाट हालवते ते बगायला बोलावलंस आमाला?"

"हळू बोल गं! कला आहे ती."

"कला हाय तर हाय. माज्या नवऱ्याचं प्वाट बसल्या जागी हालते, त्याला कोन टाळ्या वाजवत नाय!"

मंदाकिनीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. जयूने तिकडे लक्षच दिलं नाही. तिच्या काखेत फुगलेली पिशवी होती. सुनेचा पहिला कार्यक्रम, रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाईने प्रेमाने सुके बोंबील आणले होते. बंद हॉल, एसी चालू, आणि मांडीवर बोंबील! थोड्याच वेळात आमच्या मागच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. राऊतबाईंनी दोनदा नाकाला पदर लावून आमच्या दिशेने बघितलं. मी छताकडे बघत बसले.

मग दिवे मंद झाले, वाद्यं वाजायला लागली आणि सायली आली. मी देवाला हात जोडले! चांगली खांद्यापासून पायापर्यंत जांभळ्या झिरझिरीत कापडात गुंडाळलेली होती. तो पोशाख मी कधी धड बघितला नव्हता, त्यामुळे काळजीच होती, ती मिटली. मी कोपराने मंदाकिनीबाईंना ढोसलं. "बघा, किती अंगभर!"

"सुसंस्कृत आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्याच क्षणी सायलीने एक गिरकी घेतली आणि ते सगळं कापड उडून माझ्या पायाशी येऊन पडलं.

आता माझी बाजू ऐकून घ्या. आमच्याकडे लग्नाकार्यात कुणाचाही पदर घसरला की शेजारची बाई बोलणं न थांबवता तो उचलते, तिच्या खांद्यावर ठेवते आणि पिन लावून टाकते. ओळख असायची गरज नाही. मी तर भर पंगतीत वाढता वाढता नवरीच्या आईला पिन लावलेली आहे. त्यासाठी माझ्या बांगडीत कायम तीन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. तेव्हा सुनेचं वस्त्र भर सभेत गळून पडलंय आणि ती बिचारी नाचाच्या नादात तशीच नाचतेय, हे बघून माझ्या डोक्यात एवढंच आलं, की पोरीची पंचाईत झाली! आता बायका काय म्हणतील? हॉल गेला भजनवाल्यांना!

मी उठले. गुडघ्यांनी कुरकुरसुद्धा केली नाही. चष्मा खुर्चीवर राहिला, कापड हातात आणि मी स्टेजवर!

"आई!" सायली हसरा चेहरा तसाच ठेवून दातांतल्या दातांत म्हणाली. "खाली जा!"

"पडलं गं तुझं! थांब जरा!"

ती काही थांबेना. ती गोल फिरे, मी तिच्यामागून गोल फिरे. खांद्यावर कापड टाकावं तर खांदा तिकडे गेलेला. शेवटी जे हाताला लागलं त्यावर कापड खोचलं आणि बांगडीतली पिन काढून घट्ट लावून टाकली. हुश्श! वळून उतरायला लागले, तर मागून कुणीतरी माझी साडी ओढली.

कुणी ओढली नव्हती. मी पिन लावली होती. कापड, सायलीच्या कमरेचा पट्टा आणि माझा पदर, तिन्ही एकाच पिनेत!

"आई, हलू नका."

"मी कुठे हलतेय? तू हलवतेयस!"

आणि खरंच तसं होतं. तिने कंबर डावीकडे झटकली की मी डावीकडे, उजवीकडे झटकली की मी उजवीकडे. फरक एवढाच, की तिची कंबर जागेवर येऊन थांबायची आणि माझी सुरू झाली की बराच वेळ चालू राहायची. मी कोपऱ्यातल्या साऊंडवाल्याला हात वर करून थांबायची खूण केली. त्याला वाटलं, आवाज वाढवायला सांगतेय. त्याने वाढवला! वर अंगठा दाखवून ओरडला, "बहुत बढ़िया, आंटीजी!"

बायका आधी चिडीचूप होत्या. मग मागून एक शिट्टी आली. तेवढ्यात जयू पिशवीसकट स्टेजवर चढली. "थांबा गो, मी सोडवते!" म्हणत माझ्या कमरेशी गुडघ्यांवर बसली आणि पिनेला चक्क दात लावला. "हालू नका दोगी! बोंबलाचा काटा काढायला येल नाय लागत, या पिनेचं काय!"

पण पिन वाकली होती, ती काही उघडेना. वरून बोंबलांचा घमघमाट, खाली जयू, मध्ये नाण्यांचा छनछनाट. एकट्या मंदाकिनीबाई पहिल्या रांगेतून शांतपणे सूचना देत होत्या, "शारदाबाई, पाठ ताठ ठेवा!" गाणं संपेपर्यंत आम्ही तिघी तशाच होतो. संपल्यावर सायलीने वाकून सगळ्यांना नमस्कार केला. मग नाइलाजाने मीही केला.

पडद्यामागे गेलो. म्हणजे जावंच लागलं, अजून एकत्रच होतो. सायली माझ्याकडे बघेना. पट्ट्याशी झटापट करत म्हणाली, "तुम्ही उठलात कशाला, आई? मी सांगितलं होतं ना?"

"तुझं कापड पडलं होतं गं."

"पडलं नव्हतं! टाकलं होतं! ते टाकायचंच असतं!"

मी पिनेशी खटपट करायला लागले. मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटली माझी. म्हणून मला झाकायला आलात."

अहो, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लाज? अगं वेडे, दुपारी दाराच्या फटीतून रोज बघते मी तुला! तो टीपॉय सरकला की मी चटकन उठून बसते. मला वाटलं तुझी फजिती होतेय. आणि शेवटी मीच तुझी फजिती केली, तुझा क्लास घालवला." मी तोंडात पदर धरायला गेले, तर पदर तिच्या कमरेला! मी ओढला तशी ती माझ्या अंगावर आली आणि तिने मला मिठीच मारली. कोण रडत होतं आणि कोण हसत होतं ते मला सांगता यायचं नाही. जयूने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "रडा, रडा. मी पकड आनते."

पकड यायच्या आत राऊतबाई आल्या. चेहरा तसाच कडक. मी सायलीच्या पुढे झाले. (ती आपोआप माझ्यामागे आली.) "राऊतबाई, चूक माझी आहे. हिची काही चूक नाही. हॉल द्यायचा नसेल तर राहू दे, पण हिला काही बोलू नका."

"हॉल दिला," राऊतबाई म्हणाल्या. "बायका बाहेर नावं नोंदवायला उभ्या आहेत."

"आवडला त्यांना नाच?" सायलीला खरंच वाटेना.

"नाच सुंदरच करतेस तू. पण खरं सांगू? तुला बघून सगळ्या म्हणाल्या, छे, हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही. सगळ्या हात जोडून घरी निघणार होत्या." मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. "मग ह्यांना बघितलं. तेव्हा म्हणाल्या, एवढं तर आपल्याला आजसुद्धा जमेल!"

आता मंडळाच्या हॉलमध्ये क्लास जोरात चालतो. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी सायली स्वतः नाचून दाखवत नाही, मला उभं करते. मी जमेल तसं हलते, बायकांची भीती पार जाते आणि सगळ्या हसत हसत कंबर कसून उभ्या राहतात. महिनाभरात त्या माझ्या पुढे निघून जातात. मंदाकिनीबाईसुद्धा गेल्या. मी मात्र पहिल्याच धड्यावर आहे. परवा गुडघा दुखत नव्हता म्हणून जरा मन लावून सराव केला, एक झटका बरा जमला, तर सायली घाबरून धावत आली, "आई, प्लीज, सुधारू नका हं! क्लास बंद पडेल माझा!"