टार्टरबाई

टार्टरबाई माणसाचा चेहरा बघत नसत, थेट दात बघत. समोरचा हसून नमस्कार करायचा आणि त्या मनातल्या मनात त्याच्या हिरड्यांचा निकाल लावून मोकळ्या व्हायच्या. कॉलेजच्या अध्यक्षांचा सत्कार झाला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. बाई मास्कच्या आडून एवढंच म्हणाल्या, "हार मोठा आहे, पण डावीकडची वरची दाढ हलतेय. वर्षभरात जाईल." दाढ गेली. अध्यक्ष अजून आहेत, आणि बाईंना वाईट वाटायचं ते याचं.

दातांवर दगडासारखं कीटण बसतं त्याला टार्टर म्हणतात. ते कसं काढायचं हे बाई शिकवत, म्हणून हे नाव. आमच्या जिल्ह्यातल्या त्या डेंटल कॉलेजात डॉक्टर होणारी मुलं वरच्या मजल्यावर एसीत बसत. आम्ही डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स करणारे तळमजल्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीला लागून. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "डॉक्टर व्हायचं जमलं नाही म्हणून कोण कोण आलंय? हात वर करा." जवळजवळ सगळ्यांनी केले. "छान. आता तेच हात धुऊन या. नखं बघवत नाहीत."

मी मुरुडच्या कोळीवाड्यातली. दात साफ करायचं शिक्षण असतं हे ऐकून वाड्यात महिनाभर करमणूक झाली. काका म्हणायचा, "दात घासायला दोन वर्षा? आमी तं एका सकाळीत शिकलो." त्याचे पुढचे चार दात नव्हते, त्यामुळे एका सकाळीत काय शिकला होता ते दिसतच होतं. बाबांनी मात्र अट घातली होती. परीक्षा एकदाच द्यायची. पास झाले तर नोकरी, नाही तर ठरवून ठेवलेलं स्थळ. स्थळ म्हणजे दोन बोटी, आणि त्यांच्यासोबत येणारा एक मुलगा. बोटी चांगल्या होत्या.

सरावासाठी प्लॅस्टिकचे दात असायचे. बाई त्यांच्यावर नेलपॉलिश लावून वाळवायच्या आणि ती आम्ही हत्यारानं अलगद काढायची. मी जोर लावायचे. बाई मागून यायच्या. "काय गं, खडकावरची कालवं काढतेस काय? खाली हिरडी आहे, माणसाची आहे." कुणी नीट काम केलं तर त्या काही न बोलता पुढे जायच्या. आम्ही त्या न बोलण्यावर आठवडाभर खूश असायचो, इतकी आमची लायकी त्यांनी खाली आणून ठेवली होती.

गावोगावच्या शिबिरांत तर त्यांच्या तोंडाला ऊत यायचा. एकदा रेवदंड्याच्या बाजूला एक म्हातारी म्हणाली, "मशेरी न्हाय लावली तं माजा डोका दुखतंय, बाय." बाई म्हणाल्या, "दुखू दे. निदान डोकं आहे एवढं तरी कळेल." म्हातारी खदखदून हसली आणि बाईंनी तेवढ्यात तिचे दात मोजून घेतले. डॉक्टरांनाही त्या सोडत नसत. "हे लोक दात काढतात. दात टिकला तर यांचं पोट कसं भरणार? टिकवायचं काम म्हणून आपल्याकडे दिलंय."

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पेशंट आपला आपण आणायचा असतो, आणि त्याच्या दातांवर भरपूर कीटण असावं लागतं. त्यामुळे वर्षाच्या अखेरीला आमची नजर बिघडायची. लग्नात जेवणाऱ्यांच्या पंगतीतून आम्ही माणसं हेरायचो. मला शोधावं लागलं नाही, माझी आत्या होती. जन्मभर मशेरी लावलेली, दातांवर बंदराच्या धक्क्यासारखा थर. वर्गातल्या मुली माझा हेवा करत होत्या. मी आत्याला तीन महिने आधी सांगून ठेवलं, "मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर तुझे दात साफ करायचेत."

परीक्षेच्या दिवशी आत्या सोन्याच्या पाटल्या घालून, केसांत अबोली माळून आली आणि हसली. दात पांढरेशुभ्र. आदल्या दिवशी अलिबागला जाऊन डॉक्टरकडून साफ करून घेतले होते.

"काय केलंस हे?" मी म्हटलं.

"मंग काय तसला तोंड घेवून सायबासमोर बसू? तुजी लाज गेली असती, गो."

पाहुणे यायच्या आधी अंगण सारवणारी माणसं आम्ही. पाहुणे अंगण सारवायलाच येणार आहेत, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. मी तिथेच रडायला लागले. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते. त्यांनी आत्याच्या तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "यात काढण्यासारखं काही नाही. दुसरा पेशंट आणा, नाही तर पुढच्या वेळी या." माझ्यासाठी पुढची वेळ नव्हती. पुढच्या वेळी मी बोटीवाल्यांच्या घरी मासळी वाळत घालत असणार होते.

टार्टरबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या आल्या, खुर्चीत आडव्या झाल्या आणि मास्क काढला.

परीक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्ही?"

"शिक्षकांना दात नसतात असं नियमात आहे का?"

त्यांनी तोंड उघडलं. इतकं कीटण मी माझ्या आत्याच्या दातांवरही पाहिलं नव्हतं. त्या कधी आमच्यासमोर चहा का घेत नाहीत, कधी हसत का नाहीत, ते सगळ्यांना एकदम कळलं. परीक्षकांनी मान खाली घातली. मी हत्यार उचललं. बाईंना बोलता येत नव्हतं, पण मी जोर लावला की डोळे वटारायच्या, आणि मी हात हलका करायचे. शेवटी त्यांनी चूळ भरली, जीभ फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "आतल्या बाजूला राहिलंय. पास होण्यापुरतं आहे."

मी पास झाले. नंतर धीर करून विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं कुणाकडून करून का घेतलं नाहीत?"

"कुणाकडून घेऊ? सगळ्यांना मीच शिकवलंय. कसे करतात ते ठाऊक आहे मला."

पुढच्या बॅचला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. बाई रागवायला लागल्या की मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि चौलला आपल्या वाडीत जाऊन राहिल्या. एका मच्छीवालीच्या पोरीसाठी त्यांनी आयुष्यभराचा दरारा घालवला, आणि हे मला आजही सलतं.

मला अलिबागला एका डॉक्टरांकडे नोकरी लागली. नोकरी कसली, मला त्यांनी फोनवर बसवलं. "मावशी, साडेचारला या, आजोबांना घेऊन या." माझं प्रमाणपत्र त्यांनी भिंतीवर लावलं होतं आणि कीटण ते स्वतः घाईघाईत खरवडायचे. एकदा बाईंना खुशाली विचारायला फोन केला. त्यांनी विचारलं, "काय काम करतेस?" मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी फोन उचलायला शिकवत होते. शनिवारी येते."

शनिवारी आल्या. डॉक्टर त्यांना ओळखून होते, धावतच पुढे आले. "मॅडम, या, मी स्वतः करतो."

बाई खुर्चीत आडव्या झाल्या. बाहेर पेशंट बसले होते, दार सताड उघडं होतं, तरी त्यांनी सगळ्यांदेखत मास्क काढला आणि मला हाक मारली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. सवयीनं मी वळले.

"तू इकडे ये," बाई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे बघितलं, म्हणजे त्यांच्या दातांकडे. "तो फोन घ्या. हिला काम आहे."

फोन डॉक्टरांनी घेतला.