शेवटची सीट

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. तीस वर्षं झाली. बिघडलेल्या लिफ्टमध्ये शिरले की भिंतीला पाठ लावतात, डोळे मिटतात आणि वर-खाली करत राहतात. धक्का कुठे बसतो, काय घासतंय, सगळं टाचांना कळतं म्हणे. डोळे उघडे ठेवले की माणूस फसतो, हे त्यांचं ठाम मत. एवढं करून हौस फिटत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी मनोरंजन पार्क गाठतात आणि तिथल्या प्रत्येक राइडमध्येही शेवटची सीट पकडून डोळे मिटून बसतात.

मग घरी येऊन फोनवर मत लिहितात, दहापैकी गुण देतात. त्यांच्यासारखे हजारो पार्कवेडे ते वाचतात, आणि यांनी नाक मुरडलं की तेही मुरडतात. जुन्या लाकडी रोलर कोस्टरला नऊ. अलीकडच्या एकाही राइडला तीनच्या वर नाहीत. "पडदा लावायचा, खुर्ची हलवायची, तोंडावर पाणी उडवायचं. झाली राइड! पोटात गोळा येतो का कुठे? नुसती रंगरंगोटी!" जेवताना हेच, दाढी करतानाही हेच. माझे कान किटलेत.

आता ही रंगरंगोटी करणाऱ्यांतच आमची लेक आहे. तीन वर्षं ती 'जुन्या खाणीची सफर' नावाच्या नव्या राइडच्या भिंती रंगवत होती. तिचं पहिलंच मोठं काम. राइड सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तिने बापाला बजावलं, "बाबा, माझी म्हणून गुण वाढवायचे नाहीत. खरं तेच लिहा. फक्त नीट बघा."

तेव्हापासून घरात चैन नाही. त्या सकाळी यांनी तीनदा बूट घातले, तीनदा काढले. रांगेत सारखी चुळबुळ. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. चांगलं लिहिलं तर पोरीला खोटं वाटणार. वाईट लिहिलं तर हजारो लोक तिच्या कामाला हसणार, आणि ती बापाशी पुन्हा धड बोलेल का, कोण जाणे.

"नाहीच आवडली तर?" मी विचारलं.

"तर तसं लिहीन."

"माणूस आहात की वजनकाटा?"

शेवटची सीट मिळाली. दांडा खाली आला, गाडी हलली आणि यांचे डोळे मिटले. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय!

"अहो, डोळे उघडा."

"गप्प बस. चाकं ऐकतोय."

दोन्ही बाजूंना अंधारी खाण, दगडांतून पाझरणारं पाणी, कंदिलांचा उजेड. शेवटच्या वळणावर गाडी मंदावली. समोरच्या भिंतीवर खाणीची लिफ्ट रंगवली होती. तिच्यात पाठ टेकून, डोळे मिटून उभा एक माणूस. शेजारी फ्रॉकमधली पोर, हातात न पेलणारी हत्यारांची पेटी, आणि तिनेही डोळे गच्च मिटलेले. मला हुंदकाच आला. ती लहान असताना मला रविवारी नोकरीवर जावं लागलं की हे तिला असंच आपल्या कामावर न्यायचे. मी यांना कोपराने ढोसलं.

"ब्रेक उशिरा लागतोय इथे," हे म्हणाले.

लेक बाहेर कठड्याशी उभी होती. "बोला, बाबा."

"चार. शेवटच्या वळणावर ब्रेक उशिरा लागतो."

"आणि तिथली लिफ्ट?"

"कसली लिफ्ट?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"डोळे मिटले होते ना, बाबा?"

ती चिडली असती तर परवडलं असतं. "चार ठीक आहेत," म्हणाली आणि नखांतला रंग खरवडत बसली. बापाकडे बघेना.

हे तसेच वळले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. फलकावर दीड तास लिहिलं होतं. आम्ही मायलेकी कठड्याशी थांबलो. दीड तासाने हे पहिल्या सीटवर चढताना मला दिसले. आयुष्यात पहिल्यांदाच पहिली सीट.

बाहेर आले ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसतच.

"पाहिलंत?" लेकीने विचारलं.

"ब्रेक उशिराच लागतोय," हे म्हणाले. "पण त्या वळणावर डोळे भरून आले गं. नीट दिसलंच नाही. पुन्हा बसतो."

आणि निघाले रांगेकडे.

"बाबा, थांबा, मी पण येते," लेकीने आपली पिशवी माझ्या हातात कोंबली आणि त्यांच्यामागे धावली.