सिंधुताईचा डबल टाका

सिंधुताई म्हणजे माही सासू. बासष्ट वर्षांची, अन् हट्टी किती म्हणाल तर पुसूच नका. इकडं हिंदी मुलखात, हथखोजच्या कारखान्यांतल्या कामगारांचे खाकी ड्रेस तिनं तीस वर्षं शिवले. जाड कापड, कसून ओढलेला धागा, त्यावर डबल टाका. माणूस थकन पण माही शिलाई नाई उसवन, हे येता-जाता ऐकवे. शेजारच्या वंदनाच्या पिको मशीनले तर नाकच मुरडे. साडीची किनार वळणं, हे काय शिवणं होय?

मंग माह्या पोरीच्या, भूमिकाच्या कबड्डी टीमच्या तंग पॅन्टा शिवाचं काम बुढीनं मागून घेतलं. बारा पोरी, लायक्राचं कापड. म्या म्हटलं, आई, हे ताणाचं कापड हाये, कोणाले विचारून तरी घ्या. आयकते कोण! खाकीसारखाच कसून डबल टाका मारला.

पहिल्याच सरावात भूमिका रेड टाकाले वाकली अन् मांडीपासून शिलाई तटातटा तुटली. मैदानभर हसू झालं. पोरगी घरी आली, दार लावून घेतलं, अन् आतूनच म्हणे, "अब नहीं खेलना मुझे." सामना चार दिवसांवर. मले इतका राग आला का सासूले दोन शब्द सुनावलेच.

सासू फाटकी पॅन्ट मांडीवर घेऊन बसली. कापड ताणे, सोडे. त्यातले लायक्राचे बारीक धागे लांबत अन् परत जागेवर येत. तिचा सरळ टाका काही लांबे ना, म्हणून तुटे. कापडात खोट नाई, माह्या शिलाईत हाये, हे तिनं मले स्वतःच्या तोंडानं सांगतलं. तीस वर्षांत पयल्यांदा.

मंग सरळ वंदनाच्या दारात गेली. पिकोचा टाका नागमोडी, कापडासंगं तोही लांबते. तीन दिवस त्या मशीनवर वंदनाचे टोमणे खात बसली. बाराच्या बारा उसवल्या, पुन्हा शिवल्या. डोळे सुजले, पण उठली नाई.

तरी भूमिका खेळाचं नाव घे ना; नवी शिलाई दाखवाले गेलो तं पुन्हा दार लावून घेतलं. तवा बुढीनं भूमिकाचीच पॅन्ट स्वतः चढवली. लायक्राची म्हणून मावली. लुगडं कमरेले खोचलं अन् आंगणात, साऱ्या गल्लीसमोर, उठाबशा काढाले लागली. गुडघे कटकट वाजत, हासणारे हासत. पंधराव्या बैठकीले दार उघडलं.

"काढ आजी ती," भूमिका म्हणे. "उद्या मले घालाची हाये."