‘दांडा काढला होता’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली होती. मग तुम्हालाच का सांगतोय? — कदाचित तुम्ही मध्ये बोलणार नाही म्हणून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात, तलावांसाठी जागा मोजणाऱ्या एका कचेरीत मी नवाकोरा ओव्हरसिअर होतो. नोकरी कच्ची, मिजास मात्र पक्की. कचेरीची एक जुनी जीप होती, चारही चाकं ओढणारी, आणि तिचे ड्रायव्हर होते सुखदेवजी. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. गाडीत पाणी घातल्याशिवाय स्वतः चहा घेत नसत. दर शनिवारी जीपखाली शिरायचे, गिअरच्या डब्याचं बूच काढून आत बोट घालायचे, तेल कुठवर आहे ते पाहायचे आणि वर त्या बोटाचा वास घ्यायचे. मी हसायचो. तेही हसायचे.

गाडी मला त्यांनीच शिकवली. शहराबाहेर, बेसा गावाकडे, तेव्हा नुसती शेतं होती, काळ्या मातीची. चिखलात शिरायचं, गिअरच्या शेजारचा लहान दांडा टाकायचा, की पुढची चाकंही ओढायला लागतात. आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी तो दांडा काढायचा — म्हणजे काढायचाच. चिखलात चाकं घसरतात, म्हणून निभतं. कडक रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आणि मार बसतो मधल्या गिअरच्या दातांना. विसर पडू नये म्हणून सुखदेवजी दांडा टाकला की आपल्या गळ्यातला दुपट्टा त्यालाच बांधून ठेवायचे. दांडा निघाल्यावरच दुपट्टा परत गळ्यात.

"दांडा अडकला तं जोर नाही लावाचा साहेब," ते सांगायचे. "गाडी दोन हात मांगं घ्याची. तान निंघून जाते, मंग आपसूक सुटते."

हे ज्ञान मला पुढे फार कामी आलं. कसं, तेच सांगायला बसलोय.

माझं लग्न नुकतंच झालेलं. एका रविवारी मला हुक्की आली, बायकोला उमरेडकडची आमची तलावाची जागा दाखवायची. जीप चालवायचा मला अधिकार नव्हता. सुखदेवजींकडे किल्ली मागितली, तर म्हणाले, "आता नव्या नवरदेवाले नाही कसं म्हनू?" आणि दिली. नियम त्यांनी मोडला तो माझ्यासाठी.

तिथला नाला मी दांडा टाकून मोठ्या ऐटीत पार केला. बायकोनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत दांडा तसाच राहिला आणि मी डांबरावर आलो. गाडी वळणावर आखडायला लागली, खालून कुरकुर यायला लागली. मला कळलं नाही? — हेच तर. मला कळलं. वाटेतलं पाचगाव यायच्या आधीच कळलं. हळूच दांडा ओढून पाहिला, घट्ट बसला होता. थांबून दोन हात मागे घ्यायला किती वेळ लागला असता? पण बायको विचारणार, काय झालं? आणि आत्ताच तर तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. नाही थांबलो. पार नागपूरपर्यंत तसाच आलो, कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं बोलत.

तिला घरी सोडलं, जीप कचेरीच्या आवारात नेली, तिथं दोन हात मागे घेतली. दांडा आपसूक सुटला. सुखदेवजींनी शिकवलेलं मी असं वापरलं — माग पुसायला.

सोमवारी त्यांनी विचारलंच. "डांबराच्या आंधी दांडा काढला होता ना साहेब?"

"काढला होता," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात, सुखदेवजी चिखलातून जीप काढत असताना, खालून फटकन आवाज आला आणि ती बसली. गिअरचे दात तुटले होते. चौकशी झाली. सुखदेवजींनी रविवारचं नावसुद्धा काढलं नाही; माझी नोकरी कच्ची होती ना! मला मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तेलाकडे दुर्लक्ष झालं असावं." एवढंच. सुखदेवजींची नोकरी राहिली, जीप गेली. स्टोअरच्या दारावर स्टूल देऊन त्यांना बसवलं.

त्यांना माझा संशय आला असता तर बरं झालं असतं. नाही आला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. मोहल्ल्यातलं कुणी गाडी दाखवायला आणली, तर म्हणायचे, "दुसऱ्याले दाखव गा, माह्या हाताचा भरोसा नाही राहिला." ज्या माणसाला नुसत्या वासावरून तेल कळायचं, तो माणूस!

निवृत्तीनंतर सीताबर्डीच्या बाजारात भेटायचे. दर वेळी घरच्यांची चौकशी करायचे, मग तेच विचारायचे. "तेल तं मी शनिवारीच पाह्यलं होतं साहेब. मंग दात काहून तुटले असन? माह्या हातानं काय चुकलं असन?"

"जुनी गाडी होती, सुखदेवजी. सोडा आता." मी म्हणायचो, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचो.

ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? — सुटलो. आता कुणी विचारणार नाही. हे दात तोडण्याहूनही वाईट, मला माहीत आहे. पण झालं ते असं झालं.

आज मात्र बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतंय. दुखरी दाढ काढून टाकल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते ना, तसं मन तिथं जाऊन येतंय, आणि ठणका नाही. हे बरं वाटणं माझं एकट्याचं आहे. सुखदेवजींना त्यातलं काही मिळणार नाही.

तेल बरोबर होतं. बूच घट्ट होतं. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. दात मी तोडले.