आबा हँग झाले

माझ्या संगणकाला मी जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत कुठल्या विरुद्ध पक्षाला दिल्या नाहीत. कोर्टात समोरचा निदान उठून हरकत तरी घेतो. हा नुसता बघत बसायचा. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी, माऊस फिरवा, कळा बडवा, काही म्हणजे काही हलायचं नाही. आतला पंखा मात्र गिरणीसारखा घरघरत असायचा. याला हँग होणं म्हणतात हे मला नातीने शिकवलं. तिच्या लेखी संगणक हँग व्हायचा नाही, मी व्हायचो. "आबा, तुमी हँग झाले होते," असं ती सरळ सांगायची आणि माझं डोकं आणखी फिरायचं.

ही नात अकरा वर्षांची. मुलगी-जावई अमरावतीला होते तोवर दर सुट्टीला अकोल्याला, आमच्या जुन्या शहरातल्या घरी यायची आणि आल्यापासून जाईपर्यंत तिचं तोंड मिटायचं नाही. ओट्यावर बसून भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या चौकशा करायची. दोन वर्षांपूर्वी जावयाच्या नोकरीपायी ते जर्मनीला गेले आणि पोर गप्प झाली. व्हिडिओ कॉलवर अर्धाच चेहरा दाखवायची, तोही कपाळाकडचा. जेवली का? हो. शाळा कशी हाय? बरी. मैत्रिणी झाल्या काय? की फोन आईच्या हातात. मी खूप साक्षीदार पाहिले, पण उत्तर टाळण्यात इतका पक्का एकही नव्हता.

मग मुलीनेच तोडगा काढला. पोर म्हणे संगणकावरच्या एका खोट्या जगात जाते. तिथे ज्याला त्याला एक बाहुला मिळतो, त्याला चालवायचं, बसवायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. "तिथं ती बोलते, बाबा. तुमी या ना तिथं." मी आधी हसलो. सत्तरी ओलांडल्यावर बाहुल्या खेळायच्या! पण दिवाळीत अमरावतीच्या एका दुकानातून संगणक जोडून आणला आणि दर रविवारी दुपारी तीनला, म्हणजे तिकडे सकाळी, खेळायला बसू लागलो.

तिथे नात म्हणजे माझ्याहून उंच असा एक नारिंगी कोल्हा होता. मला तिने काळा कोट आणि गळ्याला पांढरे बँड चढवून ठेवले होते. तिने एक तळं केलं होतं, तळ्याकाठी एक बाक, आणि वर कायमचं ढगाळ आभाळ. अकोल्याच्या माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे? बोलायचं तर एक कळ दाबून धरावी लागे, सोडली की आवाज बंद. मी ती कळ जवळपास सोडतच नसे.

आणि कोल्हा बोलायचा हो! तळ्यात मासे कसे सोडले, शेजारच्या म्हातारीचं मांजर कसं खिडकीतून आत येतं, भाकरीची किती आठवण येते. मला रविवार आला की सकाळपासून काही सुचायचं नाही. बायको म्हणायची, "पक्षकार आल्यासारखे तयार होऊन राहिले." खरंच होत होतो, दाढी करून बसायचो. पोरीचा आवाज मला परत मिळाला होता आणि तो पुन्हा जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

होळी झाली आणि संगणक अडकायला लागला. रोजचं सगळं ठीक चालायचं. पत्र लिहा, बातम्या वाचा, काही कुरकुर नाही. त्या तळ्याकाठी गेलो की पंधरा-वीस मिनिटांत ढिम्म. आणि अडकायचा तो नेमका असा, की पोर काहीतरी सांगायला लागलेली असायची. "आबा, शाळेत ना..." आणि कोल्ह्याचं तोंड उघडं ते उघडंच. आवाजही गेलेला. मी दहा-दहा मिनिटं कळा बडवायचो, टेबलावर थापा मारायचो, शेवटी बटण दाबून बंद करायचो, पुन्हा चालू करून आत पोचेपर्यंत तिची निघायची वेळ झालेली असायची.

"काय सांगत होती तू मघाशी?" मी विचारायचो.

"सांगून झालं," ती म्हणायची.

पोर रागावली असं मी समजायचो. मग राग मी संगणकावर काढायचो.

वकिलाला दुसरं काय येतं? मी एक वही केली. तारीख, वेळ, किती मिनिटांनी अडकला, तेव्हा कोण बोलत होतं, शेवटचा शब्द कोणता. मुलीला फोन करून ती वही वाचून दाखवायचो आणि ती कामातून डोकं वर काढून उपाय सांगायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाका. टाकला. कॅशे रिकामा करा. केला, पुन्हा केला. सावल्या बंद करा. केल्या, तळं सपाट झालं. मग म्हणाली, "दूरचं दिसणं कमी करा बाबा, मशीनवर भार येतो." आधी डोंगर गेले, मग तळ्याचा पलीकडचा काठ गेला, मग तळंच गेलं. शेवटी एक बाक, एक कोल्हा, एक काळा कोट आणि चहूकडे राखाडी धुकं. तरी अडकलाच.

ते खोटं जग चालवणाऱ्या कंपनीलाही पत्र लिहिलं, चांगलं चार पानी, मुद्देसूद. आठ दिवसांनी उत्तर आलं: संगणक बंद करून पुन्हा चालू करा, आणि आपल्या संयमाबद्दल आभार. संयम! मी ते उत्तर बायकोला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तिच्या हसण्याचं कारण जुनं आहे. माझ्यासमोर कोणी वाक्य पूर्ण केलं असं घरात कधी घडलं नाही. पोस्टमननं "साहेब, तुमचं..." म्हणायच्या आत मी "रजिस्टर हाय की साधं?" विचारून मोकळा होतो. समोरचा काय सांगणार हे मला आधीच कळतं असा माझा समज आहे, आणि निम्म्या वेळा तो खराही ठरतो. उरलेल्या निम्म्या वेळांचा हिशोब बायको ठेवून असते, मी नाही.

एप्रिल लागला. आमच्याकडे एप्रिल लागला म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. संगणकाच्या पेटीला हात लावून पाहिला तर तीही तापलेली. मी म्हटलं, सापडला चोर! गरम होतो म्हणून अडकतो. आता आमच्या घराचा नियम असा, की उन्हाळ्यात घरात जो कोणी नाजूक असेल, म्हातारं, बाळंतीण, ताप आलेलं लेकरू, त्याची खाट कूलरसमोर. पाहुणा आला तर तीच जागा त्याला. संगणकाचं टेबल होळीनंतर, कूलर लावला तेव्हाच, कूलरच्या खोलीत आणलं होतं. आता ती पेटी उचलून मी बरोब्बर कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर ठेवली, वाळ्याची नवी ताटी बसवली आणि पाणी सोडलं. माझी स्वतःची खुर्ची बाजूला सरकली.

"मले कंदी त्या जागी बसू देलं नाई तुमी," बायको म्हणाली, "अन् त्या डब्ब्याले वाळ्याचा वारा देऊन राहिले."

"तो बिमार हाय," मी म्हटलं.

त्या रविवारी तो सातव्या मिनिटाला अडकला.

त्यापुढच्या रविवारी पाचव्या. नात म्हणाली, "आबा, एक सांगू?" मी म्हटलं, "सांग, लौकर सांग, हा बंद पडायच्या आत सांग, शाळेचं हाय काय? मास्तरीन रागावली काय?" आणि तेवढ्यात गेला. मी पेटीला एक लाथ घातली. माझा अंगठा सुजला, तिला काही झालं नाही.

सोमवारी सकाळी पेटी जुन्या चादरीत गुंडाळली आणि अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने, पेटी दोन्ही हातांत, पुढे जागा मिळाली तर मांडीवर. शेजारचा विचारतो, "काका, काय हाय?" मी म्हटलं, "आजारी माणूस." तो जरा सरकून बसला.

दुकान एक बाई चालवते. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर, हातात सदा एक पेचकस. मी वही उघडून पहिल्या तारखेपासून सुरुवात केली. तिने दोन मिनिटं ऐकलं, मग वही हळूच माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि पेटीचा पत्रा काढला.

आत बघून तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग पेचकसाच्या टोकाने पंख्याच्या पात्यांमधून एक ढेकूळ काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. काळी माती. ओली होऊन, वाळून, पुन्हा ओली होऊन, चांगली चिवट झालेली. पंखा, त्याच्या खालची जाळी, सगळं लिंपून निघालेलं.

"वकीलसाहेब, हे काय पेरायले आणलं काय?" ती म्हणाली. "कुठी ठेवता तुमी याले?"

"कूलरसमोर," मी म्हटलं. "गरम होते म्हणून."

तिने कपाळाला हात लावला. "कूलर धूळ ओढते, अन् पाण्यासंगं फेकते. तुमी आतमंदी शेत तयार केलं ना बाप्पा. वारा जायले जागाच नाई राहिली. साधं काम कराल तं चालन, पण ते जग उघडलं का मशीनले जोर लागते, तापते, अन् बसते." मग तिने माझी वही घेतली, पहिलं पान पाहिलं. "कूलर कंदी लावला होता?"

होळीनंतर. वहीतली पहिली नोंद त्याच आठवड्यातली. दोन महिने मी मुलगी, कंपनी, ड्रायव्हर, सगळ्यांची उलटतपासणी घेतली आणि खोलीत समोर उभा राहून पाणी उडवणाऱ्या साक्षीदाराला एक प्रश्न विचारला नाही. मला स्वतःची इतकी लाज या वयात वाटेल असं वाटलं नव्हतं.

तिने दुपारभर बसून सगळं धुऊन-पुसून काढलं, पंखा बदलला आणि ताकीद दिली, की आतल्या कोरड्या खोलीत ठेवा, कूलरचा वारा लागू देऊ नका. "तुमाले लागला तं लागू द्या," असंही म्हणाली.

रविवारी मी आतल्या खोलीत बसलो, बनियनवर, दार लावून, कानांवर हेडफोन चढवून. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. तळं परत आलं, पलीकडचा काठ आला, डोंगर आले, सावल्यासुद्धा आल्या. कोट काय दिसत होता माझा! मी कळ दाबून धरून पंख्याची, मातीची, दुकानातल्या बाईची सगळी हकीकत सांगितली. कोल्हा बाकावर बसून ऐकत होता.

"म्हंजे आता तुमी हँग नाई होणार?" तिने विचारलं.

"कंदीच नाई!" मी म्हटलं. "पक्कं दुरुस्त केलं. आता बोल तू, किती बोलते ते बोल."

"बरं," ती म्हणाली. आणि गप्प.

मी विचारलं, शाळेचं काय सांगत होती? काही नाई. मैत्रीण भांडली काय? नाई. भाषा जमत नाई काय? जमते थोडी. मास्तरीन? नाई. मग काय? थोडा वेळ नुसतं तळ्याचं पाणी हलत राहिलं. मला वाटलं, आता तिचा अडकला.

मग ती म्हणाली, "आबा, तुमी हँग व्हायचे ना, तेव्हा तुमी इथंच उभे राहायचे. जायचे नाई. खूप वेळ. मी तेव्हा सांगायची तुमाले. सगळं सांगायची."

"अन् मले आयकू कुठी येत होतं?"

"म्हणूनच तं. तुमी मधात विचारत नव्हते."

मी कळ दाबलेलीच होती आणि पुढचा प्रश्न जिभेवर तयार होता. चार प्रश्न तयार होते. पोरीला काय काय सहन करावं लागलं असेल, आणि ते तिला एका निर्जीव काळ्या कोटाला सांगावं लागलं! मी कळेवरचं बोट उचललं. मग माऊसवरचा हातही काढला, कारण माऊसला धक्का लागला तरी कोटवाला मान हलवतो. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसलो.

कोल्हा उठला. माझ्याभोवती एक चक्कर मारली, समोर येऊन वाकून तोंडाकडे पाहिलं. मी हललो नाही. घाम डोळ्यात गेला, तरी नाही. मग तो परत बाकावर जाऊन बसला.

"शाळेत मधल्या सुट्टीत मी जिन्यात बसून डबा खाते," ती म्हणाली. "वरच्या जिन्यात. तिथं कोणी येत नाई."

आणि मग ती थांबलीच नाही.

बराच वेळ झाला असावा. दार उघडून बायको डोकावली, हातात पाण्याचा गडू. मी हात मांडीवर ठेवून पुतळ्यासारखा बसलेला, पडद्यावर काळा कोट तसाच उभा. ती पडद्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काहून, पुन्हा बंद पडलं काय?"

मी मान हलवूनच हो म्हटलं.